नरकातला मोर

५ एप्रिल १९३८, मंगळवार. केनवड

ही वही मी रंगांची प्रमाणं टिपून ठेवायला आणली होती. पण पहिल्याच दिवशी डोकं असं तापलं आहे की कुणाजवळ तरी बोलल्याशिवाय राहवत नाही, आणि परक्या गावात वहीशिवाय आहे कोण?

आठ वर्षं मी अमरावतीला नाटक कंपनीचे पडदे रंगवले. दरबार, अरण्य, राजमार्ग, सांगाल ते. बोलपट आले, कंपनी बुडाली, आणि हा शालिग्राम मंगरूळपीरला परत येऊन दुकानांच्या पाट्या रंगवू लागला. अशात केनवडच्या उकंडराव पाटलांचं पत्र आलं. देवळाचा सभामंडप नवा बांधला आहे, मोठी भिंत रंगवायची आहे. मला वाटलं, रामाचा राज्याभिषेक असणार. तीन दिवस खपून कागदावर कच्ची चित्रं केली. इथं पोचलो, तर पाटील ती चित्रं न पाहताच म्हणतात, "नरक काढा."

"अख्खी भिंत?"

"अख्खी. मानसाले पाह्यल्याबरोबर घाम फुटला पाह्यजे."

माणूस वाईट नाही. गेल्या साली त्यांची आई वारली, तेरा दिवस पोथी ऐकली, आणि तेव्हापासून त्यांना घाम फुटतो आहे. आता तो सगळ्या गावाला फुटला पाहिजे. स्वतःचं दुखणं घरोघरी वाटायचं, ही यांची पाटिलकी!

भिंत मात्र छान आहे. पूर्वी मातीची होती, गावच्या बायका दरसाल पांढऱ्या मातीनं पोतारायच्या. आता तिला चुन्याचा गिलावा केला आहे. माझ्या जेवणाची सोय देवळामागं धुरपताबाईकडं. विधवा बाई, म्हाताऱ्या सासूबरोबर राहते. पीठ पाटील पाठवतात. भाकरी घेऊन आली, तेव्हा भिंतीकडं पाहून म्हणाली, "दरसाली ही भिंत माह्याच हातानं पोतारली जाये. आता तुमाले देल्ली, मिस्तरी."

जशी काही हिच्या बापाची भिंत. आणि मी मिस्तरी नाही, चित्रकार आहे.

९ एप्रिल, शनिवार

रिसोडचे पुराणिकबुवा नरकांची यादी घेऊन आले. अठ्ठावीस. रौरव, कुंभीपाक, वैतरणी, सगळं नीट, कुठं कोण जातो आणि त्याचं काय करतात त्यासकट. ऐकता ऐकता मी कुंचला खाली ठेवला.

विचारलं, "बुवा, बायकोला मारणाऱ्याला कोणता?"

बुवांनी यादी वरून खाली पाहिली. "तसा स्वतंत्र उल्लेख नाही."

"आणि नवऱ्याच्या आधी जेवणाऱ्या बाईला?"

"तो आहे. अकरावा."

"विहिरीत उडी घेणाऱ्या पोरीला?"

"काळोख. निव्वळ काळोख. एकविसावा."

"आणि तिला उडी घ्यायला लावणाऱ्याला?"

बुवा म्हणाले, तुम्ही चित्रं काढा, शास्त्र आम्ही पाहू. म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायचं, आणि त्या सुळाला रंग मी द्यायचा. संतापानं मी एकटाच बडबडत होतो. दुपारचं जेवण आलं तेव्हा धुरपताबाईनं विचारलं, "कोनाशी भांडले?" मी सांगितलं, यमाशी. ती म्हणाली, "मंग जेवून भांडा, भाकर थंडी होऊन राह्यली."

१४ एप्रिल, गुरुवार

लोकांना लाज कशी ती नाही. आधी पाटील आले. म्हणाले, कुंभीपाकात जो कढईत तळला जातो आहे, त्याला जगदेवसारखं पागोटं बांधा. जगदेवाशी त्यांचं बांधावरून भांडण आहे. मी स्पष्ट नाही म्हटलं. तर म्हणे, बरं, माझ्या मायचं तेवढं काढा, वैतरणीत गाईचं शेपूट धरून पार होताना. तेही नाही. मग एक सासू आली, तिला सून हवी होती, जिभेत खिळा ठोकलेली. शाळेतली पोरं आली, त्यांना मास्तर हवे होते.

सगळ्यांना एकच उत्तर दिलं. नरकातली माणसं माझ्या मनातली असतील. त्यांना कोणाचंही तोंड नसेल. जिवंत माणसाला नरकात बसवायचा अधिकार ना पाटलाला, ना मला. असं बोललो की मलाच बरं वाटलं. कलावंताचा एक धर्म असतो, तो या लोकांना कोण शिकवणार?

धुरपताबाई ताट घेऊन उभी होती. तिला विचारलं, बरोबर बोललो की नाही? म्हणाली, "मले काय समजते. अंबाडीची भाजी हाये, ठेचा वरून घ्या." पण हसली. ती फार क्वचित हसते.

२० एप्रिल, बुधवार

आजचा दिवस सोन्याचा. लिहितो.

परपुरुषाकडं पाहणाऱ्या बाईला तापलेल्या लोखंडी खांबाला मिठी मारावी लागते, असा एक नरक आहे. बुवांच्या यादीत परस्त्रीकडं पाहणाऱ्या पुरुषालाही हीच शिक्षा आहे. पण पाटील म्हणाले, "बाईच काढा, गड्याले कोन पाहते?" त्यावरून पुन्हा बाचाबाची झाली. शेवटी बाईच काढायची ठरली, कारण भिंत त्यांची.

चार दिवस ती मिठी जमत नव्हती. अंग जमलं, केस जमले, हात काही येईना. लाकडी पडायचा. आज जेवताना समोर ताट ठेवणारा हात पाहिला, ठेवून मागं जाताना कोपरातून वळला, आणि मला कळलं की हाच. तसाच उठलो आणि हात न धुता कोळशानं रेघ ओढली. पाव तासात हात आला! नाटक कंपनीत असतानाही असा हात माझ्याकडून झाला नव्हता. नुसता हात मोकळा दिसत होता म्हणून कोपराखाली थोडं गोंदण घातलं, त्यात एक मोर आला. मान पाठीकडं वळलेली, शेपटी रेघेत वाहून गेलेली. मोराची मान अशी उलटी नसते, पण रेघ म्हणून ती चूक फार सुंदर आहे.

बाईचं तोंड खांबाआड आहे. कोणाचंच तोंड नाही. माझा नियम शाबूत आहे.

२७ एप्रिल, बुधवार

चित्रं पाहायला माणसं येऊ लागली आहेत. पोरं यमाचा रेडा पाहायला येतात. मोठी माणसं येतात ती आपापल्या मेलेल्यांना शोधायला. मला हे माहीत नव्हतं. कोणी म्हणतं, बाप गांजा पीत होता, तो कुठल्या चौकटीत असेल? मी म्हणतो, बाबा रे, हे गेरू आणि काजळी आहे, वर सरस. तो मान हलवतो आणि पुन्हा विचारतो, पण कुठल्या?

रुखमाबाई रोज येते. तिची मुलगी दोन वर्षांपूर्वी विहिरीत गेली, सासरी. ती एकविसाव्या चौकटीपुढं बसते. तिथं मी काही काढलेलं नाही, नुसता काळा रंग, तीन हात. आज तिनं विचारलं, "मिस्तरी, अथी आत लय अंधार हाये का?"

मी म्हटलं, रंग आहे, रुखमाबाई.

"व्हय. पर एखांदा दिवा काढता येन का? लहानसा?"

बुवांच्या यादीत दिवा नाही. मी पिवडीचा मोहरीएवढा पिवळा ठिपका लावणार होतो, तेवढ्यात पाटील आले आणि म्हणाले काळोख म्हणजे काळोख. माझ्या तोंडून शिव्या येत होत्या, त्या गिळल्या. आता वाटतं, गिळायला नको होत्या.

३ मे, मंगळवार. अक्षय्यतृतीया

आज घरोघरी मेलेल्यांच्या नावानं पाण्याची घागर भरतात. म्हणून थोड्या चौकटी रंगवायच्या राहिल्या असतानाही पाटलांनी भिंत पुजायला आजचाच मुहूर्त धरला. बुवांनी भिंतीची पूजा केली, गाव जमलं. रुखमाबाईनं आपली घागर घरी न भरता इथं आणली आणि काळ्या चौकटीपुढं ठेवली. मला तिथं उभं राहवेना.

मग वाईट झालं. धुरपताबाईची सासू प्रयागबाई आज पहिल्यांदा आली. नीट दिसत नाही, म्हणून भिंतीला नाक लावून एकेक चौकट पाहत सरकत होती. खांबापाशी थांबली. बोटानं हात चाचपला. म्हणाली, "हा तं आमच्या धुरपतीचा मोर."

सगळे वळले.

"लहानपनी सुई चालू असताना तिनं हात ओढला, म्हनून ह्याची मान उलटी झाली. असा मोर दुसऱ्या कोनाच्या हातावर नाही." आणि मग घाबरून, अगदी हळू, "अवं माय, हिचं गोंदण पयलेच पोचलं."

मी ओरडून सांगितलं, चित्र आहे! हात म्हणून हात काढला! कोणी ऐकलं नाही. इथल्या बायका मानतात की मेल्यावर सोनंनाणं सगळं इथंच काढून घेतात, गोंदण तेवढं अंगाबरोबर वर जातं, आणि वर ओळख त्याचीच. म्हणजे नरकात जे गोंदण दिसलं ते चित्र नव्हे, बातमी. कोण कुठं जाणार याची बातमी.

"माझ्या मनात असं काही नव्हतं," मी म्हटलं.

प्रयागबाई म्हणाली, "तुमच्या नसन मनात. पर तुमचा हात कोनं चालवला?"

आता याला काय उत्तर द्यावं? माणसानं डोकं फोडून घ्यावं यांच्यापुढं.

५ मे, गुरुवार

धुरपताबाई आज चित्र पाहायला आली. बराच वेळ पाहिलं. म्हणाली, "चांगला काढला," आणि गेली. रागावली नाही. समजूतदार बाई. गावापेक्षा तिला कला कळते.

१० मे, मंगळवार

चार दिवस झाले, भाकरी पाटलांच्या वाड्यातून येते आहे. मी चौकशी केली नाही, वाटलं बाई आजारी असेल. आज रुखमाबाईनं सांगितलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

प्रयागबाई सुनेच्या हातचं खात नाही. वेगळी चूल मांडून कापऱ्या हातांनी स्वतःपुरत्या कण्या शिजवते. म्हणते, नरकात पोचलेल्या हातचं खाल्लं तर मीही तिथंच जाईन. बावीस वर्षं त्या दोघी एका ताटात जेवल्या.

आणि पेरणी. या गावात दरसाल पेरणीची पहिली तिफण जुंपली की बी सोडायला चाड्यावर मूठ धरते धुरपताबाई. तिच्या हातचं बी उगवतंच, असं सगळे म्हणतात. अक्षय्यतृतीयेपासून तिला बोलावणी सुरू होतात, त्या मजुरीवर आणि ओंजळभर धान्यावर दोघींचं वर्ष निघतं. या साली एकाही घरून बोलावणं नाही. त्या हातानं पेरलेलं जळून जाईल म्हणे!

पाच बोटं आणि उलटा मोर, त्याच हातानं परवापर्यंत यांना जेवू घातलं, यांची शेतं पेरली. कृतघ्न गाव आहे. मी उद्या पाटलांशी बोलतो.

१३ मे, शुक्रवार

बोललो. सांगितलं, मी मोर पुसून टाकतो. हात तसाच ठेवीन, फक्त मोर पुसतो.

पाटील म्हणाले, "बुवानं पूजा केली. आता पुसनं म्हंजे देवाचं पुसनं. माह्या डोक्यावर पाप नोको." आणि माझं मन तयार होत नाही म्हणून की काय, मी फार जोर लावला नाही, हेही इथं लिहून ठेवतो. तो हात पुन्हा यायचा नाही.

प्रयागबाईकडंही गेलो. ती चुलीशी होती. म्हणाली, "भिंतीवरचं तुमी पुसान, वरचं कोन पुसन?"

धुरपताबाई अंगणात सरपण फोडत होती. माझ्याकडं पाहिलं नाही. मी दोनदा खाकरलो.

१७ मे, मंगळवार. मंगरूळपीर

लाल रंगाचा हिंगूळ संपला या निमित्तानं वाशीमपर्यंत गाडीनं आणि पुढं मोटारीनं घरी आलो. घर बंद राहून वास येतो आहे. माझ्या बायकोला, सरूला, जाऊन सहा वर्षं झाली, तिच्या हातांवर काय गोंदलेलं होतं ते आठवायचा प्रयत्न केला. आठवलं नाही. चित्रकार म्हणवतो!

एक गोष्ट मात्र सुचली आहे. या लोकांशी वाद घालून उपयोग नाही, त्यांच्याच हिशेबानं चाललं पाहिजे. गोंदण वर जातं ना? ज्याचं गोंदण तो नरकात ना? ठीक आहे. मग ते गोंदण दुसऱ्या कोणाचं तरी असलं पाहिजे.

१९ मे, गुरुवार. शेलूबाजार

बाजारात हिरीबाई नावाची गोंदणारी बसते. उजवा हात पुढं केला. ती म्हणाली, "मारुती काढू का नाव?"

"मोर."

"बाप्याले मोर?" आजूबाजूच्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

"मोर. आणि मान उलटी."

"माह्या हातानं आजपावतर उलटा मोर नाही झाला."

"मग आज कर. मी काढून देतो."

कागदावर काढून दिला. शेपटी कुठं वाहून जाते तेही. सुया लागल्या तेव्हा कळलं की पोरवयात धुरपताबाईनं हात का ओढला असेल. मी ओढला नाही. हात सुजला आहे, पण चित्त शांत आहे. अशी शांतता फार दिवसांनी आली. ती किती खूश होईल!

२४ मे, मंगळवार. केनवड

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

सकाळी कोणी यायच्या आत खांबाला मिठी मारणाऱ्या बाईला खांबाआडून दिसतील अशा मिशा काढल्या, पोटऱ्या जाड केल्या, डोक्याला माझ्यासारखं टक्कल दिलं. हात तोच ठेवला. मग पाटील, प्रयागबाई, चारचौघं बोलावले आणि बाही वर केली. म्हणालो, बघा, उलटा मोर. हा नरकातला माणूस मी आहे. गोंदण माझं, पाप माझं, धुरपताबाईचा काही संबंध नाही.

मग पाटील हळूच म्हणाले, "म्हंजे दोघायचा एकच मोर?"

आणि मागून कोणीतरी, "खांब कायचा हाये तो, इसरले का?"

एका क्षणात सगळं गाव समजून चुकलं. न झालेली गोष्ट समजून चुकलं! मी घसा फोडला. जितका ओरडलो तितके ते समजूतदारपणे माना डोलवत राहिले. आतापर्यंत त्यांच्याकडं नुसती बाई होती, गडी मी आणून दिला.

धुरपताबाई मंडपाच्या पायरीशी होती. सगळे गेल्यावर वर आली आणि माझा हात धरून उजेडात पाहिला. सुजेवर बोट टेकलं, जोरानं.

"मोर माह्या मायनं माह्या हातावर काढून घेतला होता," ती म्हणाली. "चार आने देऊन. म्या रडली, हात ओढला, मायनं पाठीवर हात फिरवला. थो माह्या मायचा हाये. तुमी तो भिंतीवर नेला, मले इचारलं नाही. आता आपल्या अंगावर नेला, तवाबी इचारलं नाही."

"मी तुमच्यासाठीच—"

"माह्यासाठी कोनं सांगतलं होतं? पाटील म्हनते नरकात बाई काढा, बुवा यादी वाचते, तुमी म्हनता मी वाचवतो. म्या काय म्हनतो हे कोन इचारते?"

ती गेली. एवढं रागाचं बोलणं मी कोणत्याही बाईच्या तोंडून ऐकलं नव्हतं. माझाही राग उसळला. हाताची सालटी निघाली माझ्या, आणि वर हे! जगात चांगलं करायची सोय उरली नाही.

२५ मे, बुधवार

कालचं वाचलं. काल तिनं विचारलं त्यातल्या एकाही प्रश्नाला मी उत्तर दिलेलं नाही. वहीतही नाही.

जगदेवाला कढईत घालायला मी नाही म्हटलं होतं. किती ऐटीत म्हटलं होतं.

१ जून, बुधवार

सकाळी न्याहारीच्या सुमारास मी शेवटच्या चौकटीत पिवडी भरत होतो. धुरपताबाई डोक्यावर पांढऱ्या मातीची पाटी आणि हातात बादली घेऊन आली. लुगडं खोचलेलं. माझ्याकडं न पाहता बादलीत माती कालवली, पोतेरं बुडवलं, आणि खांबापासून सुरुवात केली. माझ्या पोटऱ्या-मिशा, खांब, ज्वाळा, आणि तो हात. तिनं आपला उजवा हात त्या हातावरून फिरवला आणि पांढरं झालं.

मी किंचाळलो. हो, किंचाळलो. दोन महिन्यांचं काम! "थांबा, बुवांनी पूजा केली आहे! वरचं कोण पुसणार?"

ती म्हणाली, "वर काय हाये ते म्या वर गेल्यावर पाहीन. खालची भिंत दरसाली म्याच पोतारतो."

मी शिडी धरून उभा राहिलो. तिला हात लावून अडवावं तर कसं? इतक्यात रुखमाबाई आली. तिनं विचारलंही नाही. पोतेरं उचललं आणि सरळ एकविसाव्या चौकटीपाशी गेली. काळ्या रंगावर पांढरी माती एका हातात बसत नाही, करडी दिसते. तिनं दुसरा हात दिला, तिसरा दिला. तोंडानं काही पुटपुटत होती, मुलीचं नाव असावं. मग आणखी बायका आल्या, बादल्या घेऊन. ती सासूही, जिला सुनेच्या जिभेत खिळा ठोकलेला हवा होता. भिंत पोतारणं बायकांचं काम, त्याला कोणाला विचारायचं असतं?

पाटील धावत आले. आरडाओरडा केला, बुवांना बोलावतो म्हणाले. रुखमाबाई कोपरापर्यंत माती माखलेली, वळून म्हणाली, "पाटील, तुमची माय अथी कुठं हाये, हे पाहाले तुमी रोज पहाटे येता. म्या पाह्यलं तुमाले. घावली का?"

भिंतीवर वैतरणी अजून शिल्लक होती. उकंडरावांनी त्या नदीकडं एकदा पाहिलं, डोक्यावरचं पागोटं काढलं, काखेत धरलं, आणि निघून गेले. बुवांना कोणी बोलावलं नाही.

दुपारपर्यंत भिंत पांढरी झाली. फक्त यमाचा रेडा राहू दिला आहे. धुरपताबाई म्हणाली, "लेकरं पाहाले येतात." अठ्ठावीस नरकांतून एक रेडा! आणि खरं सांगायचं तर रेड्याचे मागचे पाय मला जमलेच नव्हते.

प्रयागबाई काठी टेकत आली. ओल्या भिंतीला नाक लावून खांबाची जागा शोधू लागली, सापडेना. वास घेतला.

"माती चांगली लागली. कोनं कालवली?"

"म्या," धुरपताबाई म्हणाली.

म्हातारीनं भिंतीवर हात ठेवला. मग म्हणाली, "भूक लागली वं मले."

८ जून, बुधवार

पाटलांनी ठरल्याप्रमाणं सगळं देऊन निरोप दिला. बोलले नाहीत फारसे. बुवा रागावले आहेत, रिसोडला सांगत फिरतात की केनवडच्या बायका नरकात जाणार. जाऊ देत. तिथं पोतारायला हात लागतीलच.

काल मृग निघाला. रुखमाबाईच्या घरून धुरपताबाईला पहिलं बोलावणं आलं, आज जगदेवाच्या घरून. पाटलांची बायको पाटलांना न सांगता स्वतः येऊन गेली म्हणे. सगळ्यांनी नाही बोलावलं. दोन घरं अजून माझ्या हाताकडं आणि तिच्या हाताकडं पाहून कुजबुजतात. ते डाग कोणत्याही मातीनं जायचे नाहीत, आणि ते मी लावले आहेत. हे कुठंतरी माझ्या अक्षरात असलं पाहिजे म्हणून लिहितो.

निघण्याआधी तिच्या अंगणात गेलो. ती बियाणं पाखडत होती. सासू शेजारी बसून एकाच ताटातली भाकरी मोडत होती. मी कितीतरी वेळ उभा राहिलो, कारण असं काही विचारायची मला सवय नाही.

शेवटी बाही वर केली आणि म्हणालो, "धुरपताबाई, हा तुमच्या आईचा मोर माझ्या हातावर राहू देऊ का?"

सूप थांबलं. तिनं मोराकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"आता तो निंघत नाही," ती म्हणाली. "पर इचारलं हे बरं केलं."

आणि पुन्हा पाखडू लागली. गाडीवाला हाका मारत होता, मी निघालो.